चंदनाच्या वासाचा बैल

बैलाला साबण लावू नये, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरज तरी कोणाला वाटली असती? सुनेला काय काय शिकवायचं याची सासूबाईंची यादी लांबलचक होती. नागलीची भाकरी थापताना हात किती ओला हवा, राब भाजताना वारा कोणत्या अंगाने हवा, गाभण गाईपुढे कोणता पाला टाकायचा नाही. त्या यादीत साबण नव्हता. तो मी माझ्या अकलेने घातला.

अक्कल माझ्याकडे उतू जात होती. एकोणीस वर्षांची होते, सातवी पास होते आणि निफाडची होते. या तीन गोष्टी मी गावात पाऊल टाकल्यापासून दिसेल त्याला ऐकवत होते. निफाडची म्हणजे काय, तर माझे वडील मूळचे याच डोंगरातले. द्राक्षांच्या कामाला म्हणून खाली गेले आणि एका बागायतदाराकडे सालगडी होऊन तिथेच राहिले. बाग मालकाची, विहीर मालकाची, बैल मालकाचे. ऐट मात्र माझी. नव्वदीच्या सुरुवातीला लग्न होऊन मी पेठच्या बाजूच्या डोंगरात परत आले, तेव्हा ती ऐट पत्र्याच्या पेटीत घालून बरोबर आणली होती. पेटीत चंदनाच्या वासाच्या साबणाच्या तीन वड्याही होत्या. मालकीणबाईंनी लग्नात दिलेल्या. एक मी नव्या नवरीच्या थाटात वापरत होते, दोन कोऱ्या होत्या.

सासरचं घर उतारावर. खाली ओहोळाच्या कडेने भाताची चार खाचरं, वर माळावर नागली, वरई आणि खुरासणी. गोठा घरातच, मध्ये एक कुडाची भिंत. वर्षभराचं शेण आणि पालापाचोळा राबावर जाळायचा, त्या राखेत भाताचं बी टाकायचं, तिथलं रोप खाचरात लावायचं, आणि खाचरातला पेंढा पुन्हा गुरांच्या पुढ्यात. खुरासणीचं तेल आम्ही खायचं, पेंड बैलाने खायची. यातलं एक काही थांबलं की पुढचं सगळं अडतं, हे मला तेव्हा उमगलं नव्हतं. मला एवढंच उमगलं होतं की पलीकडे बैल उठला की अलीकडे माझी झोप मोडते.

बैल आमच्याकडे एकच. दुसरा माझ्या चुलत दिरांकडे, खालच्या घरात. दोन घरांचा मिळून एक नांगर. एक दिवस त्यांच्या खाचरात, एक दिवस आमच्या. आमचा बैल त्यांच्या दारात गेला नाही तर त्यांचा नुसता उभा, आणि त्यांचा आला नाही तर आमचा.

आमचा बैल डांगी, या डोंगरातलाच वाण. पांढऱ्या अंगावर काळे डाग, आखूड पाय, काळे टणक खूर. पाठीवरून हात फिरवला की तळवा तेलकट व्हायचा, मळकट पिवळा. मी लगेच तो लुगड्याला नाही, कुडाला पुसायचे. मालकाचे बैल मी पाटावर धुतलेले बघितले होते. दर आठवड्याला, धुण्याच्या पावडरीने. उन्हात असे चमकायचे की बघणाऱ्याने डोळे बारीक करावेत. नवऱ्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "त्ये बैल हितं आण. आषाढात चार दिवस उभे ऱ्हायले त मला सांग." मला वाटलं, गरीब माणूस आहे, आपल्या बैलाची बढाई मारतोय.

त्या वर्षी आषाढात पाऊस लागून राहिला आणि मग दोन दिवस उघडीप मिळाली. राबातलं रोप वीतभर झालं होतं. दोन दिवसांनी खालच्या घरी चिखलणी सुरू व्हायची होती. खाचरात पाणी धरून बैलांनी चिखल करायचा आणि मागोमाग बायकांनी रोप लावत जायचं, ती आवणी. पहिला मान त्यांचा. माझी थोरली जाऊ, म्हणजे त्या दिरांची बायको, ओहोळावर भांडी घासताना म्हणाली, "काय गं निफाडवाले, तुमच्यात बैल आसाच माखलेला ठेवतेत व्हय? माझ्या दारात आणायचा त पाण्यात तरी बुचकळ."

ती चेष्टा होती. तिचा स्वतःचा बैल याहून माखलेला होता. पण चेष्टा समजायला अक्कल लागते, आणि माझी सगळी इतर कामांत गुंतली होती.

दुसऱ्या दिवशी नवरा नांगराचा फाळ घेऊन लोहाराकडे गेला, सासूबाई खालच्या घरच्या राबातलं रोप उपटायला गेल्या. मी बैल सोडला, ओहोळावर नेला आणि कामाला लागले. आधी धुण्याचा सोडा. गोणपाटाच्या तुकड्याने असा घासला की पाणी पिवळं, मग तपकिरी, मग काळं निघालं. त्या घाणीचा मला केवढा आनंद! मग पेटीतला साबण. एक कोरी वडी पूर्ण संपली, दुसरी अर्धी झाली. बैल बिचारा मान वळवून माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, आभार मानतोय.

संध्याकाळी तो नवरदेवासारखा पांढरा दिसत होता. सासूबाईंना वाटलं, मी त्याला नुसता पाण्यात बुचकळलाय. नवरा अंधार पडल्यावर आला, त्याला काही दिसलं नाही. वास आला असेल, पण तो त्याला माझा वाटला असणार. नवं लग्न होतं.

सकाळी पाऊस पुन्हा सुरू झाला, वाऱ्यासकट. बैल जूखाली गेला. जाऊबाई म्हणाली, "आज दिसतोय खरा!" माझी छाती फुगली ती दुपारच्या भाकरीपर्यंत. भाकरी घेऊन मी बांधावर गेले आणि दोन्ही बैल शेजारी शेजारी उभे बघितले. दिरांच्या बैलाच्या पाठीवर पावसाचे थेंब पडत होते आणि अळवाच्या पानावरून घरंगळावेत तसे घरंगळत होते. आमच्या बैलाच्या अंगावरून काही घरंगळत नव्हतं. पाणी आत मुरत होतं. केस चिकटून कातडी दिसायला लागली होती आणि फऱ्याजवळ ती थरथरत होती.

भाकरीचं फडकं तसंच हातात धरून मी उभी राहिले. आपण काय केलं हे मला तिथे, त्या क्षणी कळलं. तेव्हाच तोंड उघडलं असतं तर बैल अर्ध्या दिवसात गोठ्यात आला असता. मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "कोरड्यास कमी पडलं तर सांगा."

दिवस मावळताना नवऱ्याने त्याला गोठ्यात आणला तेव्हा तो कुडकुडत होता. पेंढ्याला तोंड लावलं नाही. सासूबाईंनी त्याचा कान हातात धरला.

"कान गार पडलेत. रवंथ करतोय का बघ."

रवंथ करत नव्हता. जबडा नुसता मिटलेला. नवऱ्याने त्याच्या अंगावर गोणपाट टाकलं, मी चुलीवर ओवा-गुळाचं पाणी ठेवलं. सगळी कामं भराभर करत होते, म्हणजे कोणी माझ्या तोंडाकडे बघू नये. गुरांचा डॉक्टर तालुक्याच्या गावाला, आणि वाटेतला ओढा दोन्ही काठ भरून चाललेला.

एवढ्यात खालच्या घरून दीर आणि जाऊबाई आले. जाऊबाई बैलाच्या मानेजवळ वाकली आणि तशीच थांबली.

"वास येतोय," ती म्हणाली.

"कसला?" सासूबाईंनी विचारलं. त्यांच्या नाकात दिवसभर तपकीर. त्यांना जळलेली भाकरीसुद्धा दुसऱ्याने सांगावी लागायची.

"चंदनाचा. देवळात येतो तसा."

दिरांनी हुंगलं. "व्हय की."

नवऱ्यानेही हुंगलं आणि माझ्याकडे बघितलं. मी आढ्याकडे बघितलं. तो वास कोणाचा हे त्या गोठ्यात दोघांनाच माहीत होतं. पण आईसमोर आणि थोरल्या भावासमोर, हा माझ्या बायकोच्या अंगाचा वास आहे, असं कोणता पुरुष म्हणेल? त्याचे कान लाल झाले. तो खुंट्याची गाठ उगाच सोडून पुन्हा बांधायला लागला.

जाऊबाईने पदर डोक्यावर घेतला. "देव आलाय ह्याच्यात. डोंगरावरचा देव. म्हून कापतोय बघा, अंगात आल्यासारखा! काढा त्ये गोणपाट. काय पाजू नगा, काय लावू नगा. भगत येईस्तोवर कोणी हात लावायचा नाय."

भगत ओढ्यापलीकडच्या पाड्यावर. पाणी उतरल्याशिवाय येणार नव्हता. सासूबाई क्षणभर घुटमळल्या. मग त्यांनीच गोणपाट काढलं, मी केलेलं ओव्याचं पाणी उंबऱ्याबाहेर ओतलं आणि बैलापुढे हात जोडले. त्यांनी जोडले म्हणून मीही जोडले. माझ्याइतके मनापासून कोणी जोडले नसतील.

नवऱ्याने मागच्या दारी मला गाठलं. "तू काय केलंस का?"

"मी काय करणार?"

त्याला खरं वाटलं नाही, पण खोटं ठरवलं तर पुढे काय करायचं हेही त्याला सुचत नसावं.

दुसरा दिवस मला आजही तासातासाने आठवतो. पावसाने उघडायचं नाव घेतलं नाही. गोठ्याच्या कुडातून वारा येत होता आणि बैल उघड्या अंगाने त्यात उभा होता. त्याच्यापुढे हळद-कुंकू. कोणी जवळ जाईना. मी भिंतीच्या अलीकडे बसून फटीतून बघायचे. थरथर चालूच. मधूनच थांबायची, तेव्हा मला जास्त भीती वाटायची. मग पुन्हा सुरू झाली की मी म्हणायचे, चला, कापतोय तरी.

खाली दिरांच्या खाचरात अर्धा झालेला चिखल खाली बसायला लागला होता. त्यांचा बैल दारात बांधलेला, नुसता. उपटलेल्या रोपाच्या जुड्या पाण्यात ठेवलेल्या. आणि राबात उरलेलं रोप वाढतच होतं. सासूबाई दर थोड्या वेळाने दारात यायच्या, बोटांच्या पेरांवर दिवस मोजायच्या. "अजून चार दीस. मंग रोपाला गाठ येती. गाठ आली का फुटत नाय, लावा नाय त नका लावू." दुसरा बैल मागायचा तर कोणाकडे? सगळ्या गावात त्याच आठवड्यात आवणी. ज्याच्याकडे जोडी, त्याच्या खाचरात ती.

संध्याकाळी जाऊबाईने नवस बोलला. तिची तांबडी कोंबडी, रोज अंडं देणारी. बैल बरा झाला की कोंबडी डोंगराला. ती कोंबडी त्या वेळी आमच्याच ओट्यावर दाणे टिपत होती. मी तिच्याकडे बघितलं आणि मनातल्या मनात तिला माझ्या पापांत धरलं. आधी बैल, मग दोन घरांची आवणी, आता कोंबडी. उशीर करत गेले तर भगत आणखी काय सांगेल याचा नेम नव्हता.

तरी मी बोलले नाही. आज मी त्या पोरीला पुढ्यात बसवून विचारते, बये, कशाची भीती होती तुला? मारतील? त्या घरात कोणी कोणाला मारत नव्हतं. माहेरी धाडतील? ओढा भरलेला, कुठे धाडणार? खरी भीती एवढीच होती की निफाडचं नाव जाईल. लोक हसतील. बैल मेला तरी चालेल, पण लोकांनी हसता कामा नये, इतकी माझी अक्कल पुढे गेली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी बैल बसला. आजारी जनावर उभं आहे तोवर आशा असते. तो बसला आणि त्याने मान जमिनीला टेकवली. सासूबाईंनी तपकिरीची डबी काढली, उघडली आणि न ओढता मिटली. ते बघितलं आणि माझ्यातलं काहीतरी सुटलं. मी आत गेले, पेटी उघडली, उरलेली अर्धी वडी घेतली. वळचणीच्या पाण्याखाली कोपरापर्यंत हात धरला आणि फेस येईस्तोवर साबण चोळला. तशीच गोठ्यात आले. जाऊबाई भगत येतो का बघायला आली होती. मी फेसाळलेला हात तिच्या नाकाखाली धरला.

"बाई, हा घ्या तुमचा देव."

तिने हुंगलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा हुंगलं. दिरांनी डोक्याला हात लावला. नवरा कुडाकडे तोंड करून उभा राहिला. तो रडतोय की हसतोय हे त्याने मला पुढच्या तीस वर्षांत कबूल केलेलं नाही.

"बैलाला अंगाचा साबण?" जाऊबाईच्या तोंडून एवढंच निघालं.

"आधी सोडा," मी म्हणाले. आता खरं बोलायला लागले होते, तर थांबता येईना. "धुण्याचा. मग साबण. दीड वडी."

मला वाटलं आता सासूबाईंचा आवाज चढेल. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "त्याचं तेल काढलंस. त्येच तर त्याचं इरलं. आता आपलं घाल."

त्यांनी फळीवरून खुरासणीच्या तेलाचा डबा उतरवला. नवी खुरासणी निघून घाण्यावर जाईपर्यंत, म्हणजे दिवाळीच्याही पुढे, घराला पुरवायचं होतं ते तेल. कढईत हळद घालून कोमट केलं आणि आम्ही दोघी बैलाजवळ बसलो. आधी कोरड्या पेंढ्याने त्याचं अंग लाल होईस्तोवर चोळलं, मग तेल. पाठ, वशिंड, कानाच्या पाळ्या, पोटाखाली. ज्या तेलकट अंगाला हात लागला की मी तो कुडाला पुसायचे, त्याच अंगाला मी तळवे दुखेपर्यंत तेल चोपडत होते. दिरांनी गोवऱ्यांची धग केली. नवऱ्याने नळीने गरम नागलीची आंबील पाजली, निम्मी त्याच्या स्वतःच्या सदऱ्यावर. जाऊबाई दारातच उभी होती. तिने हात लावला नाही. तिची कोंबडी मात्र काखेत घट्ट धरली होती.

दुपार गेली. डबा अर्ध्याखाली आला. सासूबाई दर थोड्या वेळाने बैलाच्या कानाला गाल लावायच्या. मी त्यांच्या गालाकडे बघत बसायचे. मग दिवेलागणीच्या सुमारास त्याच्या गळ्यातून काहीतरी वर सरकलं. जबडा हलला. एकदा, मग थांबला. मग पुन्हा हलला, आणि हलत राहिला. रवंथ करणाऱ्या बैलाइतकं सुंदर मी त्यानंतर काही बघितलेलं नाही, आणि मी माझ्या नातवंडांची तोंडंसुद्धा जन्मल्या जन्मल्या बघितली आहेत.

बैल वाचला, पण आठ दिवस जूखाली गेला नाही. आमच्या आणि दिरांच्या खाचरांत कुदळीने आणि पायांनी जमेल तेवढा चिखल केला. मग गावातल्या एकाची आवणी उरकली तेव्हा त्याची जोडी दोन दिवस मिळाली. तोवर रोपाला गाठ आली होती. भात दोन्ही घरांचं विरळ आलं. पण पहिला मान त्यांचा, म्हणून उपटून पाण्यात पडून राहिलेलं रोपही त्यांचंच होतं, त्यामुळे जास्त नुकसान त्यांचं. भात कमी म्हणजे पेंढाही कमी, आणि पेंढा कमी म्हणजे उन्हाळ्यात त्यांच्या बैलापुढे काय टाकायचं हा प्रश्न. जाऊबाई माझ्याशी बोलायची थांबली. ओहोळावर मी गेले की तिची भांडी आपोआप घासून व्हायची.

सासूबाईंनी न्याय केला तो असा. "आपला निम्मा पेंढा खाली जाईल. आन् पोळ्यापोतर त्यांच्या बैलाचा गवताचा भारा तू आणायचा. रोज. आपल्याच्या आधी त्यांचा." तेल संपलं म्हणून पुढचे कितीतरी महिने आम्ही फोडणीवाचून खाल्लं, त्यावर मात्र त्या एक शब्द बोलल्या नाहीत. कोरडी भाजी वाढताना नुसत्या माझ्याकडे बघायच्या.

पुढे दोन हजार सालानंतर कधीतरी, गावापर्यंत डांबरी रस्ता आला आणि गुरांचे डॉक्टर मोटारसायकलवर यायला लागले, तेव्हा मी त्यांना हे सगळं विचारलं. ते म्हणाले, "साबणाने एवढं होत नाही हो. अंगावरचं तेल गेलं असेल थोडं, पण गार वारा, दमणूक, त्यातून दोन दिवस उपाशी उघडा ठेवलात." मला इतकं हलकं वाटलं! म्हाताऱ्या सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "डाक्टरचं काय जातंय? त्याला कुठं आवणी करायची व्हती."

तर तो भारा. पहाटे विळा घेऊन माळावर जायचं, भिजलेलं गवत कापायचं, डोक्यावर घेऊन घसरड्या वाटेने खाली उतरायचं, त्यांच्या दारात टाकायचा. जाऊबाई आतून बघायची, बाहेर यायची नाही. त्यांचा बैल मात्र मला बघून हंबरायला लागला. रोज मी मनात म्हणायचे, आज बोलेल. रोज मी मोकळ्या डोक्याने वर चढायचे, आणि ओझं उतरलंय असं वाटायचं नाही.

पोळ्याच्या दिवशी शेवटचा भारा टाकला. वळले, तर ती दारात उभी. हात पदरात. मला वाटलं, आता बोलणार ते काय बोलणार.

"उरलाय का गं?"

"काय, बाई?"

"साबण."

"अर्धी वडी आहे."

तिने पायाने भारा बैलाकडे सरकवला. "परवा आमच्या पोरीला बघायला पाहुणे येतेत. आण." मी पळत निघाले, तशी तिने मागून हाक मारली.

"आन् ऐक. सोडा नगं आणू."